रँचवरचा गडी रिगवर कधी गेला? पश्चिम टेक्सासमधल्या वंशशोधाची नोंद

मूळपुरुषाचा जन्म १८९३ चा. तरुणपणी गुरांच्या रँचवर गडी, पुढे रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदायच्या यंत्रावर, मजूर. अशा माणसाच्या नावावर जमीन नसते, दुकान नसतं, मृत्युपत्रही बहुधा नसतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांसारखी एका जागी लिहिलेली वंशावळ तर तिकडे नाहीच. त्यात धंदा बदलला की कागदांचा धागा तुटतो. १९२० च्या जनगणनेत बंकहाउसमध्ये (रँचवरच्या गड्यांच्या सामायिक निवासात) राहणारा अविवाहित गडी आणि १९३० मध्ये विंकलर काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) बायको-पोरांसह राहणारा टूल ड्रेसर, म्हणजे विहीर खोदायची अवजारं दुरुस्त करणारा, हे एकच, हे दाखवायचं कसं? या टप्प्यातलं बहुतेक काम त्यावरच झालं आणि तो सांधा आता जुळलाय.

जुळवला तो सैन्यभरतीच्या दोन कार्डांनी. ५ जून १९१७ ची नोंदणी २१ ते ३० वयाच्या पुरुषांची होती. २७ एप्रिल १९४२ ची नोंदणी २८ एप्रिल १८७७ ते १६ फेब्रुवारी १८९७ या काळात जन्मलेल्यांची. १८९३ चा माणूस दोन्हींत सापडतो, मधे पंचवीस वर्षं. १९१७ च्या कार्डावर जन्मगाव आणि ‘कोणाकडे नोकरी’ हा रकाना असतो. तिथे रँचमालकाचं नाव मिळतं. १९४२ च्या कार्डावर पुन्हा जन्मगाव, तेलकंपनी किंवा ठेकेदाराचं नाव आणि ‘तुमचा पत्ता कायम कोणाला माहीत असेल’ याचं उत्तर. जन्मतारीख आणि जन्मगाव जुळलं तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण एका काउंटीत एकाच नावाचे चुलतभाऊ हमखास असतात. खरी कसोटी सहीची. दोन्ही कार्डांच्या प्रती सारख्या मापात मोठ्या करून शेजारी ठेवायच्या आणि एकेक अक्षर पाहायचं. इथे आडनावाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी दोन्हीकडे खाली जाऊन उलटी डावीकडे वळते, आणि पहिल्या नावातल्या टी ची आडवी रेघ उभ्या रेघेला न टेकता पुढे निसटते. पंचवीस वर्षांत हात जड झालाय, पण वळण तेच. १९४२ च्या कार्डाची मागची बाजूही मागवाच. ओळख पटवणाऱ्या खुणा तिथे लिहितात, आणि रिगवर काम केलेल्या माणसाचं तुटलेलं बोट तिथेच सापडतं.

जनगणनेचे कागद वाचताना धंद्याचा नेमका शब्द सोडू नका. ‘टूल ड्रेसर’ म्हणजे केबल टूल रिग, दोराला टांगलेलं जड अवजार आपटून विहीर खोदणारी. एका पाळीत दोनच माणसं, ड्रिलर आणि हा, पाळी बारा तासांची. झिजलेली बिट, म्हणजे खोदायचं टोक, भट्टीत लाल करून घणाने पुन्हा मापात आणायची, हे याचं काम. ‘रफनेक’ लिहिलं असेल तर बहुधा रोटरी रिग, फिरत्या बिटने खोदणारी. ‘राउस्टअबाउट’ म्हणजे विहीर चालू झाल्यावरची पाइपांची, टाक्यांची पडेल ती कामं. या एका शब्दावरून कोणत्या ठेकेदाराकडे शोधायचं ते बरंच आवाक्यात येतं.

१९२० ची नोंद मात्र जपून वापरायची. ती गणना १ जानेवारीची, ऐन हिवाळ्यातली. शरदातला राउंडअप (माळावरची गुरं गोळा करणं) संपला की रँचवर मोजकेच गडी ठेवत, बाकीच्यांना निरोप. म्हणून जानेवारीत बंकहाउसमध्ये दिसणारा गडी कायमचा असण्याची शक्यता जास्त. न दिसला तर आई-वडिलांच्या घरी शोधा. बंकहाउसची माहिती बहुधा फोरमन, म्हणजे मुकादम, सांगे: वयं २५, ३० अशी ठोकळ, आई-वडिलांच्या जन्मस्थानाखाली ओळीने ‘तेच’च्या खुणा. तसं पान पुरावा म्हणून दुबळं. १९४० मध्ये माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली असते, १९२० मध्ये ती सोय नाही.

काउंट्यांचा घोळ सगळ्यात जास्त वेळ खातो. पेकोस हे गाव रीव्ज काउंटीचं मुख्य ठाणं, पेकोस काउंटीचं ठाणं फोर्ट स्टॉकटन. लग्नाचा दाखला ‘पेकोस’ एवढंच लिहून मागितला तर चुकीच्या कार्यालयातून ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस तो धागाच सोडून देतो. विंकलर काउंटी १८८७ मध्ये कागदावर आली, पण तिचा कारभार सुरू झाला १९१० मध्ये. तोवर ती रीव्जला जोडलेली. लव्हिंग काउंटी १८९३ मध्ये उभी राहिली, १८९७ मध्ये मोडली, १९३१ मध्ये पुन्हा उभी राहिली, आणि मधल्या काळातली दप्तरं पुन्हा रीव्जकडेच. आधी वर्ष, मग त्या वर्षी कारभार कुठून चालत होता ते, आणि मगच अर्ज. विंकलरची वस्ती १९२० मध्ये ८१ होती, १९३० मध्ये ६,७८४. तंबू आणि खानावळींच्या त्या गर्दीत नाव सुटणं सोपं. तिथे सापडलं नाही तर सीमेपलीकडे न्यू मेक्सिकोतली ली काउंटी बघा. हॉब्सला १९२८ मध्ये तेल लागलं आणि माणसं तिकडे लोटली.

आता या कामातला सगळ्यात मोलाचा कागद: सोशल सिक्युरिटी (अमेरिकेची सरकारी निवृत्तिवेतन योजना) नंबरासाठी केलेला अर्ज, फॉर्म एसएस-५. नंबर नोव्हेंबर १९३६ पासून द्यायला लागले, पण शेतावरचे आणि रँचवरचे मजूर १९५१ पर्यंत या योजनेत नव्हतेच. तेलकंपनीचा मजूर पहिल्यापासून होता. त्यामुळे १९३६-३७ च्या अर्जावर तेलकंपनीचं नाव असेल, तर तोवर गडी रिगवर पोचलेला होता हे ठरलं. चाळिशीतल्या माणसाचा पहिला अर्ज १९४० नंतरचा असेल, तर तोवर तो रँचवरच असण्याचा संभव मोठा. अर्जावर वडिलांचं पूर्ण नाव, आईचं माहेरचं नाव आणि सही असते. म्हणजे तुलनेला तिसरी सही! नंबर टेक्सासच्या मृत्यूदाखल्यावर मिळतो. पहिले तीन आकडे ४४९ ते ४६७ असतील तर टेक्सासमध्ये घेतलेला, ५२५ असेल तर न्यू मेक्सिकोत. अर्जाची प्रत मागताना आई-वडिलांच्या मृत्यूचे पुरावे सोबत जोडा, नाहीतर त्यांची नावं झाकलेली प्रत येऊ शकते आणि पैसे वाया जातात.

मागच्या पिढीचं काम अजून अर्धवट आहे. १८९० ची जनगणना १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर जवळजवळ उरलीच नाही, म्हणून १८८० वरून थेट १९०० वर उडी मारावी लागते. १९०० च्या पानावर जन्माचा महिना-वर्ष आणि आईची किती मुलं झाली, किती हयात, हे असतं. इथे आईपुढे सात आणि पाच असे आकडे आहेत, तेव्हा दोन लहानग्यांच्या नोंदी शोधायच्यात. जुन्या टेक्सासी लग्नपरवान्यांवर बहुधा आई-वडिलांची नावं नसतात, त्यांच्यावर भिस्त ठेवून उपयोग नाही.

पुढचा अर्ज रीव्जच्या काउंटी क्लार्ककडे (काउंटीच्या दप्तरदाराकडे), डागण्यांच्या वहीसाठी, म्हणजे गुरांवर मालकीसाठी दिलेल्या डागांच्या नोंदवहीसाठी. प्रत्येक नोंदीत डागाचं चित्र, तो जनावराच्या कोणत्या अंगावर हे, आणि कानाची खूण असते. एक्सआयटीसारख्या टेक्सासमधल्या अवाढव्य रँचनी गड्यांना स्वतःची गुरं ठेवायला बंदी घातली होती, पण लहान रँचांवर चार-दोन गुरं चालवून घेत. वडिलांचा डाग मुलाने पुढे चालवलेला सापडला, तर बाप-लेकाच्या नात्याला तो वेगळा पुरावा ठरेल. १९०० ते १९२३ एवढ्या काळातली पानं मागवली आहेत.