बैठकीतली गुणगुण

सगळं जोडून झालं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. मी सबवूफरचा, म्हणजे जाड सुरांच्या स्पीकरपेटीचा, स्विच दाबला आणि बैठकीत 'घुंऽऽ' असा एकसुरी आवाज भरून राहिला. आवाजाचं बटण शून्यावर, टीव्ही मुका, तरी घुं चालूच. आमच्या धंद्यात याला हमिंग म्हणतात. लाइनीची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होत असते. ती आवाजाच्या वाटेत कुठून घुसली की स्पीकर तीच ऐकवायला लागतो.

तात्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तसंच बसून म्हणाले, "हा कुठला सूर यायलाय रे? पखवाजाच्या बुडाला चिकटून बसंल हा."

तात्या औसा तालुक्यातले. माझं ऑडिओ दुरुस्तीचं दुकान लातूरला. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवला. आता गुडघे मांडी घालू देत नाहीत, कानही उतरलेत. टीव्हीवर कीर्तन लागलं की बुवांचे शब्द समजत नाहीत आणि पखवाज तर टिनाच्या डब्यासारखा वाजतो, ही त्यांची तक्रार. २०२४ चा उन्हाळा. घरात भावाची वाट बघत ठेवलेलं सोयाबीन होतं. हमीभाव ४,६०० आणि बाजार त्याच्याही खाली. शेवटी वाट बघणं सोडून त्यांनी पाच क्विंटल मोंढ्यावर घातलं, बावीस हजार माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "एवढ्यात बसव. पुन्हा मागू नको."

बावीस हजारांत काय येतं? डब्यावर दहा हजार वॉट छापलेला, पाच स्पीकरांचा, निळे दिवे लागणारा नवाकोरा सेट येतो, तोही निम्म्या पैशांत. तो सेट उलटा करून मागची पट्टी वाचायची. वीज किती खातो ते तिथं लिहिलेलं असतं, साठ-सत्तर वॉट. साठ वॉट खाणारं यंत्र दहा हजार वॉट कुठून काढणार? तो पीएमपीओचा आकडा असतो आणि त्याला काही अर्थ नसतो. आरएमएस वॉट, म्हणजे सलग निघणारी खरी ताकद विचारा, बाकी सोडून द्या, हे मी दुकानात रोज सांगतो.

मी जुना पण चांगल्या कंपनीचा ५.१ रिसिव्हर, म्हणजे पाच पेट्या आणि एक सबवूफर चालवणारा ॲम्प्लिफायर, आठ हजारांना उचलला. पुढच्या डाव्या, उजव्या आणि मधल्या अशा तीन पेट्या ओळखीच्या सुताराकडून अठरा मिलिमीटर एमडीएफमध्ये (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीत) करून घेतल्या, तिन्हींत एकाच जातीचे साडेसहा इंची स्पीकर आणि एकाच जातीचे ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर. स्पीकरसकट सात हजार. मधली पेटी हलकी घेऊन पैसे वाचवतात तिथंच पुष्कळ लोक चुकतात. सिनेमात माणसाचं बोलणं बहुतेक सगळं त्या मधल्या पेटीतून येतं. आणि उतारवयात आधी जातात ते वरचे सूर, म्हणजे स, त, फ, ख असली अक्षरं. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही, हे तात्यांचं दुखणं तिथलंच. ट्विटरकडे हात आखडला असता तर बाकीचे पैसे पाण्यात गेले असते. साडेचार हजारांत आठ इंची जुना सबवूफर, मागच्या भिंतीसाठी दोन छोट्या पेट्या, आणि दीड स्क्वेअर मिलिमीटरची साधी तांब्याची वायर. स्पीकरसाठी म्हणून सोनेरी टोकांची महाग वायर विकतात. दहा-पंधरा फुटांच्या अंतराला घरफिटिंगची वायर तेच काम करते.

सकाळचा सगळा वेळ खोलीनं खाल्ला होता. बारा बाय चौदाची बैठक, वर स्लॅब, भिंती कोऱ्या गिलाव्याच्या, खाली शहाबादी फरशी. टाळी वाजवली की टण्ण करून परत यायची. असल्या खोलीत लाखाचे स्पीकर ठेवले तरी शब्द एकमेकांत मिसळतात. मी तात्यांना खुर्चीत बसवलं, हातात आरसा घेतला आणि बाजूच्या भिंतीवरून सरकवत गेलो. "आरशात पेटी दिसली की सांगा." जिथं दिसली तिथं खडूची खूण. पेटीतला आवाज भिंतीवर आपटून कानावर येतो तो त्याच जागेवरून. काकूंनी ट्रंकेतून दोन जुन्या वाकळी काढल्या आणि त्या खुणांवर टांगल्या. नऊवारीचे तुकडे, धोतराचे पदर, सात-आठ थरांची जाड शिवण. पुन्हा टाळी वाजवली. तात्यांनी मान डोलावली. "आता हात हातासारखा वाजला."

सबवूफर मी आधी कोपऱ्यात ठेवला होता, सगळे ठेवतात तसा. पखवाज लावला तर एकेक थाप घुमत राहिली. समोरासमोरच्या भिंतींत बारा फूट अंतर असलं की ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या खोलीत अडकतो आणि फुगतो. तात्यांना हे सांगायची गरजच पडली नाही. ते म्हणाले, "धाम्याला कणीक जास्त लागलीय." पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धाम्याला, ओली कणीक थापतात, ती जास्त झाली की आवाज बसका होतो. मग त्यांच्या कानाच्या भरवशावर पेटी भिंतीलगत वीत-वीत सरकवत नेली. दाराच्या अलीकडे दोन हातांवर ते म्हणाले, "थांब." मी मोबाइलवरच्या मीटरनं मोजलं. त्यांचं बरोबर होतं.

तोवर सबवूफरची पिन मी माझ्या दोन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डात घातलेली होती. शेवटी सगळं नीट बसवायचं म्हणून ती काढून भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये घातली. घुं तिथून सुरू झालं.

हमिंगवर आमच्याकडे एक तयार इलाज आहे. पिनेची वरची जाड काडी, म्हणजे अर्थिंगची, गळकी वीज जमिनीत नेणारी, कापायची किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावायचा. आवाज गप्प, गिऱ्हाईक खूश. मी स्वतः धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत हे केलेलं आहे, आणि किती घरांत केलं ते आठवलं की आजही झोप लागत नाही.

मी आधी डिशची केबल काढून बघायचं ठरवलं. सेट-टॉप बॉक्सच्या मागून ती फिरवून उपसली आणि घुं एकदम थांबलं. तात्या म्हणाले, "गेला." पण केबल काढताना माझ्या बोटांना झिणझिण झाली होती. मी केबलचं टोक बॉक्सच्या कडेला पुन्हा टेकवलं. बारीक निळी ठिणगी, चट्, आणि घुं परत.

टीव्ही, बॉक्स, रिसिव्हर असल्या वस्तूंच्या अंगावर थोडी गळकी वीज असतेच, तिची हलकी झिणझिण मला ओळखीची आहे. ही तेवढी नव्हती. मी मीटर काढला. एक टोक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात, दुसरं न्यूट्रलमध्ये, म्हणजे विजेच्या परतीच्या भोकात. इथं दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसायला नको. १३८ दाखवले. डिशची केबल टेकवली की आकडा चारवर. काढली की परत १३८.

मी तसाच खाली बसलो. घुं थांबलं होतं त्या मिनिटालाच हे घर जास्त धोक्यात होतं.

"काकू, कुठं शॉक बसतो का हो घरात?"

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "शॉक न्हाई बाबा. कुलरला हात लावला की मुंग्या आल्यावानी हुतंय. फ्रिज बी चावतोय एखाद्या टायमाला. म्हणून चप्पल घालूनच उघडते."

शेजारच्या खोलीत कुलर चालू होता. त्याच्यासमोर फरशीवर पाणी शिंपडून, सुट्टीला आलेला सहा वर्षांचा नातू उघड्या अंगानं झोपलेला. त्याच्या पायात आणि कुलरच्या पत्र्यात एक वीत अंतर. मी कुलरला किंवा लेकराला हात लावला नाही, पळत जाऊन मेन स्विच पाडला. मग त्याला उचललं. ते झोपेतच कुरकुरलं.

वीज बंद करून, खोली रिकामी करून एकेक गोष्ट तपासली. कुलरमधला पाण्याचा पंप दोषी निघाला. टँकरच्या जड पाण्यानं त्याच्यावर क्षारांचे पांढरे थर चढले होते, आतलं इन्सुलेशन गेलं होतं आणि वीज कुलरच्या पत्र्यात उतरत होती. असं झालं तर ती वीज हिरव्या वायरीनं जमिनीत जावी म्हणून अर्थिंग असतं. पण घरामागच्या खड्ड्यात अर्थिंगची तार मी बोटानं धरली आणि ती गंजून हातात तुटून आली. म्हणजे घरभराच्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या, आणि जमिनीला कुठेच नाहीत. कुलरची वीज त्या वायरींतून फ्रिजच्या दांड्यापर्यंत जाऊन उभी राहिली होती. वाट मिळत नव्हती.

वाट मी दिली. सबवूफरची तिसरी पिन त्या हिरव्या वायरीला लागली. तिथून ऑडिओच्या केबलनं रिसिव्हर, एचडीएमआयनं बॉक्स, बॉक्समधून डिशची केबल. आणि डिश होती अंगणातल्या आटलेल्या बोअरच्या लोखंडी केसिंगला वेल्ड केलेल्या पाइपवर. आमच्याकडे प्रत्येक वाड्यात एखादा तरी मेलेला बोअर असतोच. काळ्या खडकापर्यंत गेलेलं त्याचं केसिंग म्हणजे आयतं अर्थिंग. गळकी वीज त्या वाटेनं धावायला लागली आणि जाता जाता सबवूफरला बोलतं करून गेली.

गावातल्या वायरमनला बोलावून घेतलं. त्याला एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, दाखवली तर म्हणाला, "हाय की सेफ्टी." ही समजूत फार घरांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, ती सहा-दहा-सोळा अँपिअरच्या वर गेल्याशिवाय पडत नाही. माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या विजेनं जातो. त्यासाठी वेगळं आरसीसीबी लागतं, ३० मिलिअँपिअरचं. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतं. त्या घरात ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, कोळसा, मीठ आलं. जमीन काळी, पण इतकी वाळलेली की भेगांत मनगटापर्यंत हात जात होता. पाइप बसवून झाल्यावर, घराची वायर अजून जोडलेली नसताना, वायरमननं फेज, म्हणजे विजेची जिवंत वायर, आणि पाइप यांच्यात शंभरचा पिवळा बल्ब लावला. बल्बातली तार फक्त लालसर झाली, म्हणजे जमीन वीज नीट घेत नव्हती.

"पाणी लागंल," तो म्हणाला.

टँकर एक दिवसाआड यायचा. काकू काही न बोलता आत गेल्या, भांडी विसळलेल्या पाण्याची बादली घेऊन आल्या आणि पाइपाच्या तोंडात हळूहळू ओतली. मग तांदूळ धुतलेलं. मग धुण्याचं. बल्ब लालाचा केशरी, केशरीचा पिवळा होत गेला. तिसऱ्या बादलीला त्याच्याकडे बघवेना. तेव्हापासून विसळण त्या घरात नालीत जात नाही.

आरसीसीबी, पाइप, नवा पंप, मजुरी, सगळं मिळून साडेचार हजार झाले. मागच्या दोन पेट्या मी दुकानात परत घेऊन गेलो, त्यांचे पैसे त्यात वळवले. बाकीचे काकूंनी दुधाच्या साठवलेल्या पैशांतून दिले. माझी मजुरी मी घेतली नाही. मागच्या पेट्यांचं तात्यांना फार वाटलं नाही, कारण त्यांच्याकडची कीर्तनं जुनी, डाव्या-उजव्या दोनच ट्रॅकवर रेकॉर्ड झालेली, त्यांत मागून येण्यासारखं काही नाहीच.

संध्याकाळी सगळी केबल जागच्या जागी लावून स्विच दाबला. काहीच आवाज आला नाही. तात्यांनी कान पुढे केला, वाट बघितली, आणि म्हणाले, "चालू हाय का?" मी पखवाज लावला. पहिल्या धुमकीला त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप पसरली.

मागच्या भिंतीवर दोन वायरी गुंडाळून खिळ्यांना अडकवून ठेवल्यात. सोयाबीन निघालं की पेट्या घेऊन ये, असं तात्यांनी सांगितलंय.