ट्रेनच्या प्रवासात मधेच एक सिनेमा

परदेशात जाऊन थिएटरमधे बसायचं म्हणजे शुद्ध वेळेची नासाडी, असं आमच्या नवऱ्याचं ठाम मत. "अगं सिनेमा काय घरी पण बघता येतो, इथे आलोय तर जरा फिरूया की." आता ट्रेनने फिरणाऱ्यांना माहितीच असेल, सकाळी अकराला हॉटेलवाला रूम खाली करायला लावतो, पुढची ट्रेन असते रात्री, आणि मधला अख्खा दिवस तुम्ही पाय ओढत फिरत असता आणि कुठे टेकायचं म्हटलं की कॉफी विकत घ्यावी लागते. अशा वेळी अंधार, मऊ खुर्ची, स्वच्छ बाथरूम आणि दोन तास कोणी उठवणार नाही, याहून वेगळं सुख काय असतं सांगा!

फक्त फ्रान्समधे तिकीट काढताना वेळेशेजारी काय लिहिलंय ते बघायचं. व्हीएफ म्हणजे फ्रेंच डबिंग, व्हीओ म्हणजे मूळ भाषा आणि खाली फ्रेंच सबटायटल. पॅरिसमधे व्हीओ सहज मिळतं, छोट्या गावात मात्र बहुतेक व्हीएफच. नवीन सिनेमे बुधवारी लागतात त्यामुळे वेळापत्रक पण बुधवारी बदलतं, मंगळवारी बघून ठेवलेला शो गुरुवारी असेलच असं नाही. पॅरिसला सॉर्बोन विद्यापीठाजवळ र्‍यू शांपोलियों नावाची एक बारकी गल्ली आहे, तिथे छोटी छोटी तीन थिएटरं एकाला लागून एक आहेत आणि रोज जुने सिनेमे लावतात. तिथे प्रेक्षक बघण्यासारखे असतात, दुपारी दोनच्या शोला एकेकटे आलेले आजी-आजोबा, कोट मांडीवर घडी करून ठेवलेला, पॉपकॉर्नचा आवाज नाही की फोनचा उजेड नाही. ट्रेनच्या खिडकीतून नुसती शेतं आणि घरांच्या मागच्या बाजू दिसतात, इथे निदान माणसं दिसतात आणि तीही टुरिस्टांसाठी नटलेली नाहीत.

पण नवऱ्याचं मत बदललं ते फ्रान्समधल्याच ल्यों शहरात. पार-दियू स्टेशनवरून मेट्रो घ्यायची, साक्स-गांबेताला बदलायची आणि मोंप्लेझिर-ल्युमिएरला उतरायचं. सिनेमाची सुरुवात ज्यांच्या नावाने सांगतात त्या ल्युमिएर बंधूंचा फोटोच्या प्लेटांचा कारखाना इथे होता, आणि 1895 मधे त्यांनी स्वतःचेच कामगार सुट्टी झाल्यावर गेटातून बाहेर पडताना शूट केले, जेमतेम मिनिटभराची, अगदी पहिल्यावहिल्या फिल्मांपैकी एक, बायका लांब झग्यांत घाईघाईने निघाल्यात, मधेच एक कुत्रा घुटमळतोय. त्या कारखान्याची उरलेली शेड आता थिएटर आहे! म्हणजे ते लोक जिथून बाहेर आले तिथून आपण तिकीट काढून आत जायचं. रस्त्याचं नावसुद्धा 'पहिल्या फिल्मचा रस्ता'. "हे भारी आहे हां" असं हा माणूस स्वतःहून म्हणाला, मी काही बोलले नाही, नुसतं बघितलं त्याच्याकडे.

मग साहजिकच पुढे ला सिओता हे समुद्रकाठचं गाव. ट्रेन फलाटावर येते ती ल्युमिएर बंधूंचीच सुप्रसिद्ध फिल्म तिथल्याच स्टेशनवर घेतलेली. मार्सेयवरून लोकल टाइपची टीईआर जाते, दूर नाही. पडद्यावरची ट्रेन अंगावर येतेय असं वाटून लोक घाबरून थिएटरमधून पळाले वगैरे जी गोष्ट सांगतात ना, तिला त्या काळातला धड पुरावा कोणी दाखवू शकलेलं नाही, आणि 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसला तिकीट लावून जो पहिला शो झाला त्यात ती फिल्म नव्हतीच. स्टेशन गावापासून चांगलंच लांब आहे, बस धरावी लागते. गावात समुद्रासमोर एडन नावाचं पिवळं थिएटर आहे, जगातल्या सगळ्यात जुन्या थिएटरांपैकी एक, बरीच वर्षं बंद होतं, 2013 मधे दुरुस्त करून परत उघडलं. आम्ही आत जाऊन सिनेमा बघितला, कुठला ते विचारू नका, मला एक अक्षर कळलं नाही आणि तरी मजा आली.

एक महत्त्वाचं. शो सातचा असला तरी जाहिराती आणि ट्रेलर धरून सिनेमा सुरू व्हायला 15-20 मिनिटं आरामात जातात, त्यामुळे रात्रीची शेवटची गाडी पकडायची असेल तर सिनेमाच्या लांबीत ती वेळ मिळवा, वर स्टेशनपर्यंत चालायची वेळ मिळवा, आणि तरीही अर्धा तास उरत नसेल तर सरळ दुपारचा शो घ्या. सामानाचंही तसंच, फ्रान्समधे लॉकर फक्त मोठ्या स्टेशनांवर असतात, तिथे पण आधी बॅग स्कॅन होते, आणि मोठी सूटकेस थिएटरवाले आत घेतीलच असं नाही.

इटलीत गेलात तर डबिंगचा प्रश्न आणखी मोठा, पण तिथे बऱ्याच ठिकाणी सिनेमा अर्ध्यात थांबवून इंटरव्हल करतात, चक्क इंटरव्हल! सगळ्यात बेस्ट बोलोन्या. उन्हाळ्यात पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकात भलामोठा पडदा लावून रात्री फुकट सिनेमे दाखवतात, बरेचसे जुने आणि मूळ भाषेत. स्टेशनवरून कमानींखालून चालत वीसेक मिनिटं. खुर्च्या लवकर भरतात, मग लोक सान पेत्रोनियो चर्चच्या पायऱ्यांवर बसतात, हातात आइस्क्रीम, कडेवर पेंगणारी पोरं, पडद्यावर विनोद झाला की अख्खा चौक हसतो. फक्त अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही म्हणजे संपायला मध्यरात्र, तेव्हा त्या रात्री हॉटेल बोलोन्यातच घ्यायचं, ट्रेनच्या नादी लागायचंच नाही.

आता पुढच्या खेपेला जर्मनीत कासेल. तिथल्या जुन्या मेन स्टेशनच्या इमारतीतच थिएटर आहे, गाडीतून उतरा आणि बसा. गंमत म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्या त्या स्टेशनला जातच नाहीत, विल्हेल्म्सह्योए नावाच्या दुसऱ्या स्टेशनला थांबतात आणि मग ट्राम धरा नाहीतर लोकल. वेळापत्रक यावेळी नवराच बघतोय.