तुम्ही विचारलंत म्हणून: इजिप्तच्या लोकांना मरणाचं एवढं वेड का होतं?

प्राचीन इजिप्तचा विषय निघाला की मला हा प्रश्न हमखास येतो, ममी काय, पिरॅमिड काय, सगळं मरणाभोवतीच का? मला विचाराल तर त्यांना वेड होतं जगण्याचं, आणि मेल्यावरही ते सुटू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

इजिप्तमधल्या लक्झर शहरात नाईल नदीच्या पश्चिमेला देर अल-मदिना म्हणून गाव होतं, राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर तिथे राहायचे. त्यातल्या सेन्नेजेमचं स्वतःचं थडगं 1886 मध्ये सापडलं. त्यात भिंतीवर परलोक रंगवलाय, आणि तिथे तो आणि त्याची बायको करतायत काय तर नांगरणी, पेरणी, कापणी, तेही पांढऱ्याशुभ्र ठेवणीतल्या कपड्यांत! आजूबाजूला पाण्याचे पाट, फळांनी लगडलेली झाडं. म्हणजे स्वर्ग मागितला तोसुद्धा शेतासकट. तिथली कष्टाची कामं आपल्याऐवजी करायला सोबत छोट्या मूर्ती पुरायचे, तुतनखामुन राजाच्या थडग्यात तर अशा 413 निघाल्या.

ममीचं म्हणाल तर 70 दिवसांचं ते साग्रसंगीत काम पैसेवाल्यांचं, गरिबाला वाळवंटातल्या वाळूतच पुरायचे. ममी करताना मेंदू काढून टाकायचे पण हृदय शक्यतो आतच ठेवायचे, कारण परलोकात ते मातच्या, म्हणजे सत्य आणि न्यायाच्या देवीच्या, पिसासमोर तराजूत तोललं जाणार. आणि त्याचीही धास्ती होतीच, म्हणून ममीच्या छातीवर जो दगडी भुंगेरा ठेवायचे त्यावर आपल्याच हृदयाला विनवणी कोरलेली असायची की बाबा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. मला यात इतका खराखुरा माणूस दिसतो ना!

पण माझं सगळ्यात आवडतं म्हणजे मेलेल्यांना लिहिलेली पत्रं. घरात आजारपण आलं, काही बिनसलं की गेलेल्या माणसाला सरळ पत्र लिहायचे, कधी नैवेद्याच्या वाडग्यावरच. नेदरलँड्समधल्या लायडनच्या म्युझियममध्ये एका नवऱ्याचं पपायरसवरचं पत्र आहे, मेलेल्या बायकोला, अंखिरीला. तू मला का छळतेस, मी तुझं काय वाईट केलं, तू आजारी पडलीस तेव्हा मोठा वैद्य आणला, तू गेल्यावर रडलो, तीन वर्षं एकटा राहतोय, घरातल्या एकाही बाईकडे गेलो नाही, सगळा हिशोब मांडलाय बिचाऱ्याने, आणि वर धमकी की आता तुला पश्चिमेच्या, म्हणजे मेलेल्यांच्या जगातल्या, देवांसमोर कोर्टात खेचतो.