तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशा आधी की कथा आधी?

विज्ञानकथेच्या सामूहिक रोलप्लेमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून आपापली साम्राज्ये लिहीत खेळायच्या कथाखेळात, नव्याने येणारे लोक मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: सगळा खेळ जर लेखनाचाच आहे, एकाने प्रसंग लिहायचा आणि दुसऱ्याने तो पुढे न्यायचा, तर सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारे, नकाशासाठी एवढे अडून का बसतात? माझे उत्तर असे की, कोणाचे साम्राज्य कुठवर पसरेल हे खेळाडूंनी लेखणी उचलण्याआधीच नकाशाने बरेचसे ठरवून टाकलेले असते.

१९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात हे स्वच्छ दिसते. त्यातल्या अवकाशाच्या एका उपविभागाच्या नकाशावर ८ गुणिले १० षटकोनी घरे असतात. एक घर म्हणजे एक पार्सेक, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे. यानाची एक झेप १ ते ६ पार्सेकची असते आणि दर पार्सेकमागे यानाची दहा टक्के जागा इंधनाला द्यावी लागते. ज्या ताऱ्यांची घरे एकमेकांना लागून आहेत, त्यांच्या साखळीवरून साधी मालवाहू यानेही ये-जा करतात, त्यामुळे तिथे व्यापार आणि त्यामागोमाग कायदा सहज पसरतो. मध्ये दोन घरे रिकामी आली, की पलीकडे जायला तीन पार्सेकची झेप, म्हणजे तीस टक्के जागा इंधनात जाते. व्यापाऱ्याला ते परवडत नाही आणि राज्याची सरहद्द तिथेच येऊन थांबते. ही सरहद्द कोणी मुद्दाम आखलेली नसते, तरीही ती वाचकाला पटते.

याउलट, दीर्घिकेच्या चित्रावर प्रत्येकाने आपापल्या साम्राज्याचा रंग भरायचा, ही पद्धत सोपी असली तरी मला ती घातक वाटते. आपल्या दीर्घिकेच्या तबकडीचा व्यास सुमारे १,००,००० प्रकाशवर्षे आणि जाडी साधारण १,००० प्रकाशवर्षे असल्याने संपूर्ण दीर्घिका सपाट कागदावर दाखवणे चालून जाते, पण शेजारपाजारच्या ताऱ्यांच्या बाबतीत तेच चित्र दिशाभूल करते. कागदावर एकमेकांना चिकटलेले दोन तारे प्रत्यक्षात वर-खाली कित्येक प्रकाशवर्षे दूर असू शकतात. शिवाय त्रिज्या दुप्पट केली की कागदावरचे क्षेत्र चौपट होते, अवकाशातले घनफळ मात्र आठपट. सूर्याभोवती अवघ्या ५० प्रकाशवर्षांच्या अंतरात सुमारे २,००० तारे आहेत. त्यामुळे ‘एवढासा तुकडा’ म्हणून रंगवलेल्या भागात हजारो सूर्य येतात आणि त्यांतल्या एकावरही कोणी काही लिहिलेले नसते.

त्याहून वाईट म्हणजे, न रंगवलेली जागा बेवारस वाटू लागते. एखाद्याने मोठ्या मायेने भटक्या यानांचा समाज उभा केलेला असतो, त्यांचे विधी आणि त्यांची भांडणेही लिहिलेली असतात. पण त्यांचा ठावठिकाणा नकाशावर नाही, म्हणून दुसरा खेळाडू त्यांच्यावरून सरळ रंग फिरवतो. १४९४ च्या तोर्देसिल्यास करारात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिक महासागरातल्या केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर (लीग हे अंतराचे जुने माप) रेषा ओढून, न पाहिलेल्या भूमीची अशीच वाटणी केली होती, हे मला अशा वेळी हटकून आठवते.

म्हणून मी क्षेत्रांऐवजी वाटांचा नकाशा पसंत करतो: ताऱ्यांचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. समजा, एकही ग्रह नसलेला एक मंद लाल बटू तारा आहे. रंगांच्या नकाशात त्याला कोणी विचारत नाही. पण तिथे तीन वाटा मिळत असतील, तर इंधनतळ, जकात, गुप्तहेर आणि अडकून पडलेले निर्वासित असे सगळे आपसूक जमते, आणि तो घ्यायचा तर तीन शेजाऱ्यांशी तीन वेगळी बोलणी करावी लागतात. प्रत्येक बोलणी हा एक लिहिण्याजोगा प्रसंग असतो.

मला विचाराल तर दावा एका वेळी एकाच ताऱ्याचा असावा आणि त्या ताऱ्यावरचा निदान एक प्रसंग लिहून झाल्यावरच तो नकाशावर चढावा. उशिरा आलेल्या खेळाडूलाही त्यामुळे जागा उरते, कारण मोठ्या साम्राज्यांच्या पोटात न लिहिलेले तारे मोकळेच राहतात.