घरबसल्या दात सरळ करायचे का? – माझा अनुभव

साताऱ्याला आईच्या कपाटात जुन्या औषधांचा डबा आहे. गेल्या वर्षी दिवाळीत तो आवरताना माझं रिटेनर हाती लागलं. गुलाबी प्लास्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यापुढे वळवलेली तार. पंधराव्या वर्षी मला दातांना तारा होत्या. आई दर महिन्याला शाळा बुडवून मला डॉक्टरांकडे न्यायची, दोन वर्षं एकही खेप चुकली नाही. तारा काढल्यावर सरळ झालेले दात परत सरकू नयेत म्हणून डॉक्टरांनी हे रिटेनर दिलं आणि रोज रात्री घालायला सांगितलं. मी सहा-सात महिने घातलं, पुढे बारावीच्या धांदलीत सोडून दिलं. आता चौतिसाव्या वर्षी ते धुऊन खालच्या दातांवर बसवून पाहिलं तर ते बसेचना. पुढचे चार दात एकमेकांवर चढले होते आणि तार त्यांच्यावर नुसती टेकत होती.

दात दिसायला कसे आहेत याचं मला फारसं वाटत नव्हतं. पण त्या चार दातांच्या फटीत पालेभाजी, शेंगदाण्याचं कूट, सगळं अडकायचं आणि ब्रश करताना हमखास रक्त यायचं. दात वाकडे आहेत म्हणून रक्त येतंय असा माझा समज होता, म्हणून दात सरळ करायचे ठरवलं.

पुण्याला परत आल्यावर मोबाइलवर शोधलं आणि त्या दिवसापासून जाहिराती मागे लागल्या. दवाखान्याच्या चकरा नाहीत, तारा नाहीत. घरी येऊन स्कॅन करणार, पारदर्शक अलाइनरचे, म्हणजे दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या साच्यांचे, सगळे संच कुरियरने पाठवणार, दर दोन आठवड्यांनी फोटो पाठवायचे. नोकरी आणि लहान मूल सांभाळणाऱ्या बाईला हे पटतंच. मी ४९९ रुपये भरून स्कॅनची वेळ घेतली.

शनिवारी सकाळी एक मुलगी आली. पंचवीसच्या आतबाहेरची, कामात तरबेज. डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून तिने जाड पेनासारखा स्कॅनर माझ्या तोंडात फिरवला आणि दहा-बारा मिनिटांत माझे सगळे दात पडद्यावर आले. पूर्वी दातांचं माप घ्यायला ओल्या पिठासारखा गोळा तोंडात दाबायचे आणि मला उमासे यायचे. त्या मानाने हे फारच सुखाचं होतं. तिने आपुलकीने विचारलं, “मॅडम, कीड वगैरे काही आहे का?” मी म्हटलं, दुखत तरी नाही. तिने फॉर्मवर ‘नाही’ची खूण केली. रक्त येतं हे मीही सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी व्हिडिओ आला. माझे दात एकेक करून सरकताहेत आणि शेवटी छान कमान तयार होते. खाली लिहिलं होतं: २२ संच, ११ महिने, ६४,००० रुपये किंवा २४ महिने प्रत्येकी २,६६७. दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले. ही किंमत रविवारपर्यंतच आहे असं सांगितलं जायचं.

हप्त्यांचा कागद मी रात्री मुलगा झोपल्यावर नीट वाचला आणि तिथे पहिल्यांदा थबकले. हे हप्ते अलाइनर कंपनीला जाणार नव्हते. ते एका वित्तसंस्थेचं कर्ज होतं. संस्था कंपनीला एकरकमी पैसे देणार आणि मी दोन वर्षं संस्थेला फेडणार. मी फोन करून विचारलं, “समजा मध्येच उपचार थांबले तर हप्ते थांबतात का?” पलीकडचा मुलगा गडबडला आणि वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाला. उत्तर आलं नाही. असं कर्ज घेणारच असाल तर एवढं माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जासोबत व्याज आणि एकूण खर्च मांडणारं तथ्यपत्रक द्यावंच लागतं, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं. ते पत्रक मागून घ्या.

‘मध्येच थांबले तर’ ही शंका मला उगाच आली नव्हती. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी २०१४ साली सुरू झाली, २०१९ मध्ये शेअर बाजारात गेली. टपालाने अलाइनर देणाऱ्यांत तिचं नाव सर्वांत मोठं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ८ डिसेंबरला कामच बंद केलं. ज्यांचे दात अर्धे सरकले होते त्यांना स्थानिक दंतवैद्याला विचारा असं सांगितलं गेलं. जन्मभराची हमी संपली, पण हप्ते घेतलेल्यांनी ते भरत राहावेत अशी सूचना होती. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डेंट्सप्लाय सिरोना या दंतसाहित्याच्या कंपनीने आपल्या बाइट या घरपोच अलाइनरची विक्री थांबवली. आपल्याकडच्या कंपन्या वेगळ्या आहेत, काहींचे स्वतःचे दवाखानेही आहेत. पण दात एकदा हलवायला घेतले की मधल्या मुक्कामावर सोडून देता येत नाहीत, हे तिथल्या लोकांचे हाल वाचून मला कळलं.

मग मी एक साधा प्रश्न विचारला. माझे दात कोण हलवणार आहे? त्या डॉक्टरांचं नाव आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक द्या. आमच्या तज्ज्ञांची टीम आहे, मॅडम, हेच उत्तर तीनदा मिळालं. चौथ्यांदा एक नाव आलं, क्रमांक नाही. आपल्याकडे बीडीएस झालेला दंतवैद्य असतो आणि त्यानंतर तीन वर्षं दात-जबड्यांच्या ठेवणीचाच एमडीएस केलेला ऑर्थोडॉन्टिस्ट असतो. दोघांच्या कामात फरक आहे. आपला प्लॅन यांतल्या कोणी पाहिलाय, एवढं विचारायचा हक्क पैसे भरणाऱ्याला आहेच.

रविवारची मुदत मी जाऊ दिली. सोमवारी आमच्या नेहमीच्या दंतवैद्य बाईंना फोन केला आणि त्यांनी कोथरूडमधल्या एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवलं.

त्यांनी आधी ओपीजी काढून आणायला लावला. म्हणजे दोन्ही जबडे एका फिल्मवर दाखवणारा एक्स-रे, ५०० रुपयांत झाला. तो उजेडापुढे धरून त्यांनी पेनाने खालच्या पुढच्या दातांपाशी रेघ दाखवली. “हाड इथपर्यंत हवं. तुमचं इथे आहे.” दोन रेघांमधलं अंतर अगदी थोडं होतं, पण मला ते दिसलं.

मग त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळी घेतली आणि ती हिरडी आणि दात यांच्या मध्ये हलकेच सरकवायला लागले. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. ते आकडे म्हणत होते आणि सहायक ताई लिहून घेत होत्या. “तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच...” जरा थांबून पुन्हा, “पाच, चार, पाच.” दिव्याखाली डोळे मिटून मी ते ऐकत होते. पाच म्हणजे काय ते तेव्हा माहीत नव्हतं, पण आवाज बदलला की कळतं. तीनपर्यंत ठीक, असं त्यांनी नंतर सांगितलं. माझ्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटणाचा थर होता, तो हिरडीच्या खाली उतरला होता आणि हिरडी दातापासून सुटत चालली होती. रक्त येत होतं ते त्यामुळे. दुखत मात्र काहीच नव्हतं.

स्कॅनरला यातलं काही दिसत नाही. तो दातांचा आणि हिरडीचा वरचा पृष्ठभाग टिपतो. खालचं हाड, मुळं, हिरडी दातापासून सुटून झालेला खिसा, फिल्मवरच दिसणारी कीड, हे त्याच्या कक्षेत नाही. त्या मुलीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिचं काम वरचा आकार टिपण्याचं होतं आणि ते तिने चोख केलं.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. दात हाडात ठोकलेला खिळा नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं पातळ अस्तर असतं. एका बाजूने दाब आला की त्या बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवीन भरतं आणि दात सरकतो. अलाइनर असो की तारा, तत्त्व हेच. अलाइनरचा एक संच साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, तोही दिवसाला वीस-बावीस तास घातला तर. पण हिरडीला सूज असताना हा दाब दिला तर हाडाची झीज वाढते आणि ते हाड परत मिळवणं अवघड असतं.

मी त्यांना कंपनीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो मागे-पुढे करून दोनदा पाहिला आणि विचारलं, “या गर्दीला जागा कुठून आणली ते दिसतंय का?” मला नाही दिसलं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं: चारही दात ओठाच्या बाजूला पुढे कलंडवले होते. जागा करायची तर दातांच्या कडा कणभर घासाव्या लागतात, कधी दात काढावा लागतो, किंवा कमान रुंदावावी लागते. घासणं कुरियरने होत नाही. आणि खालच्या पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला हाड आधीच अगदी पातळ असतं. पडद्यावरची कमान सुंदर होती, पण तीत माझं हाड कुठेच नव्हतं.

आता पैशांचं बोलते, कारण मी स्वस्त म्हणूनच तिकडे वळले होते. कंपनीचे ६४,०००. या डॉक्टरांकडे अलाइनरचे १,१०,०००. आणि धातूच्या साध्या तारा, ४५,०००, दर महिन्याच्या तपासणीसकट. मी ‘स्वस्त’ म्हणून जे पाहत होते ते फक्त महागड्या अलाइनरच्या मानाने स्वस्त होतं. साध्या तारांशी तुलनाच केली नव्हती, कारण त्या माझ्या डोक्यात पंधरा वर्षांच्या मुलांसाठी होत्या. याहून कमी खर्चात करायचं असेल तर डेंटल कॉलेज आहेत. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, पण प्रत्येक पायरीवर दुसरी नजर असते. माझ्या ऑफिसच्या वेळा जमत नव्हत्या, नाहीतर मी तिथेच गेले असते.

घरी खूप बोलणं झालं. चौतिसाव्या वर्षी तारा, मीटिंगमध्ये कशा दिसतील, हे नवऱ्याने नाही, मीच काढलं. आईला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, ते गुलाबी तरी तू कुठे घातलंस?” तिने रागाने म्हटलं नव्हतं, पण निर्णय तिथेच झाला. बावीस तास घालायची आणि प्रत्येक चहाला काढायची वस्तू माझ्याकडून अकरा महिने निभली नसती. ही गोष्ट मला स्वतःबद्दल ठाऊक होती, ती कोणत्याही स्कॅनमध्ये येत नाही. शिवाय माझी एक उपदाढ बरीच फिरलेली आहे, आणि फिरलेला दात जागेवर आणायला तार जास्त भरवशाची, असं डॉक्टरही म्हणाले.

पण तारा लगेच लागल्या नाहीत. आधी दोन बैठकांत हिरडीखालची खोल सफाई, भूल देऊन. दातांमधल्या फटींसाठी छोटे ब्रश आणि मग तीन महिने नुसती वाट पाहायची. हा काळ मला फार जड गेला. दात तसेच वाकडे आणि मी रोज रात्री दहा मिनिटं आरशापुढे. पण दुसऱ्या महिन्यात एक दिवस बेसिनमध्ये रक्त दिसलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा मोजल्यावर पाचाचे चार आणि चाराचे तीन झाले, तेव्हा कुठे तारा बसल्या.

तिसऱ्या महिन्यात खालचा एक दात मला हलका वाटायला लागला. बोट लावलं तर थोडा हलतही होता. दात सरकताना थोडे हलतातच हे मला माहीत होतं, तरी रात्रभर झोप नाही. सकाळी फोन केला, दुपारी खुर्चीत होते. डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं, सळीने मोजलं, छोटा एक्स-रे काढला, मग तार काढून बारीक घातली आणि पुढचे सहा आठवडे काहीच घट्ट करायचं नाही म्हणाले. तेवढ्यात दात स्थिरावला. घरपोच मार्गाने गेले असते तर त्या सकाळी मी तोंड वासून मोबाइलवर फोटो काढले असते. हलणारा दात फोटोत हललेला दिसत नाही.

अनेकांनी मला विचारलं, म्हणजे घरपोच अलाइनर घ्यायचेच नाहीत का? पुढच्या दोन दातांत फट आहे, हिरड्या तपासून ठणठणीत निघाल्या आहेत, ताजा ओपीजी ऑर्थोडॉन्टिस्टने स्वतः पाहिला आहे आणि अडचण आली तर खुर्चीत बसवून घेणारा दवाखाना जवळ आहे, असं असेल तर विचार करा. यातलं एक जरी नसेल तर आधी ते ५०० रुपये एक्स-रेवर घाला. गर्दी असेल, रक्त येत असेल, दात फिरलेला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: नको.

कालच महिन्याची खेप झाली. चार दातांपैकी तीन ओळीत आलेत, चौथा अजून खांदा पुढे काढून आहे. तारा निघतील तेव्हा खालच्या दातांना आतून बारीक तार कायमची चिकटवायची, हे आत्ताच ठरवून ठेवलं आहे. शेवटी डॉक्टरांनी सळी घेतली आणि सहायक ताईंनी वही उघडली. मी डोळे मिटले. “तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तीन...” आणि मग न थांबता पुढचा दात.