तुम्ही विचारलंत म्हणून: 'गार्सिया' म्हणजे काय?

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. नवी बॅच सुरू झाली की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, जो तो गार्सियाच कसा? आणि अर्थ काय त्याचा?"

स्पेनमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव तेच. पहिलं आडनाव गार्सिया असलेले १४ लाखांहून जास्त लोक तिथे आहेत, म्हणजे शंभरात साधारण तीन. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेतही ते सहावं होतं.

अर्थ मात्र चटकन सांगता येत नाही. रोद्रीगेस म्हणजे रोद्रीगोचा मुलगा, फेर्नांदेस म्हणजे फेर्नांदोचा. गोव्यातले, वसईतले रॉड्रिग्ज आणि फर्नांडिस याच गोतावळ्यातले, फक्त पोर्तुगीजांकडून आलेले. गार्सियाला तसा 'चा मुलगा' सांगणारा '-एस' प्रत्यय नाही. ते मुळात माणसाचंच नाव. नवव्या शतकात उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाला गार्सिया नावाचा राजा होता. बरेच अभ्यासक त्याचं मूळ बास्क भाषेत शोधतात: कुणी 'अस्वल' या शब्दाशी जोडतात, कुणी 'तरुण' या शब्दाशी. बास्क ही त्या भूमीवर लॅटिन पोचायच्या आधीपासूनची भाषा. स्पेनभर पसरलेलं हे आडनाव बहुधा स्पॅनिशच्याही आधीचं आहे, हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

आता आडनावं दोन का, तेही सांगते. तिकडे रीतीप्रमाणे आधी वडिलांचं आडनाव लागतं, मग आईचं. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे वडील गार्सिया, आई मार्केस. आपण सर्रास नुसतं 'मार्केझ' म्हणतो. माद्रिदच्या एका पुस्तकांच्या दुकानात मी 'एम'च्या कप्प्यापाशी त्यांना शोधत होते. दुकानातल्या बाई मला हाताला धरून 'जी'कडे घेऊन गेल्या. तिथे गार्सियांच्या तीन फळ्या भरल्या होत्या आणि त्यातच स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्काही होते.

पण बोलताना त्याच बाई त्यांना नुसतं 'लोर्का' म्हणाल्या. गार्सिया इतके, की नुसत्या गार्सियावरून माणूस कळत नाही. मग ओळखीला आईचं आडनाव पुढे येतं. पिकासोंचंही तसंच, वडिलांचं रुईस मागे पडलं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, आडनावही त्यांचंच, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

वर्गात मी लोर्का शिकवायला घेते तेव्हा फळ्यावर आधी त्यांच्या आईचं नाव लिहिते: विसेंता लोर्का. त्या शाळेत शिक्षिका होत्या.