आमची वाटचाल : वाशिष्ठीकाठचं फियाटचं गॅरेज

बाबा एसटीच्या चिपळूण आगारात मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पडवीला पत्रे वाढवले आणि गॅरेज सुरू केलं. त्याच सुमारास मी मुंबईहून परत आलो. कुर्ल्याला, जिथे फियाट (पुढे तिचंच नाव पद्मिनी) बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा कारखाना होता, तिथल्याच एका टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजात पाच वर्षं काढली होती. हाताला फियाटची सवय झाली होती, दुसरं फारसं काही येत नव्हतं.

सुरुवातीची कमाई गणपतीतली. चाकरमानी फियाट घेऊन निघायचे आणि कशेडी घाट चढताना गाडी बंद पडायची. कारण साधं होतं. फियाटचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला असतो. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वाफच ढकलत बसतो, कार्बोरेटरपर्यंत काही पोचत नाही. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. माहीतगार माणसं डॅशबोर्डखाली फडकं आणि पाण्याची बाटली ठेवूनच निघत. बाकीचे गाडी ओढून आमच्याकडे आणत.

पुढे पेट्रोल परवडेना. जो येईल तो म्हणे, डिझेल इंजिन बसवून द्या. आम्ही दिली. कटर लावून पुढचे माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे आधार, कापायचे, नवे जोडायचे, की गाडी धडधडत बाहेर. काढलेलं १०८९ सीसीचं मूळ इंजिन भंगारवाला किलोवर न्यायचा, बिडाचा ब्लॉक एका दराने आणि ॲल्युमिनियमचं हेड दुसऱ्या दराने. अशा अकरा गाड्या मी स्वतःच्या हाताने केल्या. त्या पैशांतून गॅरेजची फरशी झाली, माझ्या बहिणीचं लग्न झालं. तरीही ते काम करायला नको होतं, असं मला आज मनापासून वाटतं. फियाटचं इंजिन कानाला ओळखू येतं. ते काढलं की उरतो तो फक्त पत्रा.

हे मला शिकवलं एका हेराल्डने. गुहागरकडच्या एका डॉक्टरांची गाडी होती, ते गेल्यावर बारा वर्षं माडाच्या झापांखाली उभी. त्यांच्या पत्नी स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "अरे, चालली नाही तरी चालेल, पण तिचं तोंड तेवढं पूर्वीसारखं कर." मी जाऊन पाहिली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड, मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, आकार बेतला इटलीच्या मिकेलोत्तींनी. हिचं बोनेट आणि मडगार्ड मिळून सगळं नाकच पुढे उलटतं. टायरवर बसून इंजिनाला हात घालावा, इतकं ते मोकळं. फियाटची बॉडी म्हणजे एकसंध पेटीच, हेराल्डला मात्र खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, असते. म्हणून बॉडी उचलून बाजूला ठेवता आली आणि चासी एकटी सोलून काढता आली. आठ महिने लागले. गाडी चाललीसुद्धा. काकू शेजारच्या सीटवर बसल्या, खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला आणि बराच वेळ उतरल्याच नाहीत.

तेव्हापासून आम्ही इंजिन बदलायचं काम घेत नाही. बाबांना ते पटायला दोन वर्षं लागली. घरात उत्पन्न निम्म्यावर आलं होतं, त्यांचं बरोबरच होतं.

कोकणात जुनी गाडी सांभाळायची म्हणजे खरं काम गंजाशी. खारी हवा, चार महिने पाऊस आणि त्यात जांभ्याची लाल धूळ. दरवाज्याच्या खालच्या कडेला आणि रनिंग बोर्डाच्या पोकळीला पाणी निघायला बारीक भोकं ठेवलेली असतात. धूळ आणि पालापाचोळा मिळून ती बुजतात, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तोवर आतला अर्धा पत्रा गेलेला असतो. फोडावर अंगठा दाबला की पापडासारखा आवाज येतो. त्यामुळे गाडी आली की आमचा पोरगा आधी पाना घेत नाही. सायकलची एक तार घेतो आणि सगळी भोकं मोकळी करतो. गंजावर पुटीन भरून वर रंग मारणारे भरपूर आहेत. ते काम एक पावसाळासुद्धा टिकत नाही. आम्ही पत्रा कापतो, नवा घडवतो, जोडतो, मग रंगाचं बघतो. आणि गिऱ्हाइकांना हात जोडून सांगतो, फोटोसाठी गाडी पुळणीत, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, उतरवू नका. उतरवलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी गॅरेजात शिरली. पाणी छपराच्या पत्र्यापर्यंत. आत सहा गाड्या होत्या. पाणी उतरल्यावर प्रत्येक सीटवर वीतभर चिखल. कुणी चावी फिरवायची नाही, एवढंच मी ओरडून सांगितलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढले, ऑइल सोडलं, आतून डिझेलने धुतलं, पंखा धरून हाताने फिरवत राहिलो. डिस्ट्रिब्यूटर, डायनॅमो, कार्बोरेटर एकेक खोलून उन्हात. नवव्या दिवशी पहिली फियाट सुरू झाली. आळीतल्या नव्या गाड्या मात्र वायरिंग आणि कंप्युटर गेल्यामुळे विम्यात बाद झाल्या. त्या दिवसांत बाबा रोज येऊन खुर्ची टाकून बसत. एक शब्द बोलत नसत, पण पाने पुसून हातात देत.

पुराच्या आधी आठवडाभर, १५ जुलैला, केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले होते. ते मी पुढे काही महिन्यांनी वाचले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात फारसा बदल न केलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. धंद्यासाठी ती वापरता येत नाही. 'मूळ रूपात' हे शब्द वाचले आणि माझ्या अकरा गाड्या डोळ्यांसमोर आल्या.

सध्याची डोकेदुखी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पंपाचा पडदा फुगतो, नळ्या चिरतात. आम्ही सोसणाऱ्या रबराचे पडदे वापरतो, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायला सांगतो.

गेल्या वर्षी त्या अकरांतली एक परत आली. मालक गेले, मुलाला तिच्यात पेट्रोल इंजिन हवंय. बाबांची जुनी वही काढली. त्यात काढलेल्या प्रत्येक इंजिनाचा नंबर लिहिलेला आहे. का लिहीत होते, कधी बोलले नाहीत. ते मूळ इंजिन तर कधीच वितळलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, त्याआधी मोडीत निघालेल्या एका टॅक्सीचं इंजिन मी कुर्ल्याहून आणून ठेवलं होतं. तेच बसवतोय. आरटीओचे कागद दिलेत. कापलेले माउंटिंग मी स्वतः पुन्हा घडवले, पोराला हात लावू दिला नाही. मालकांचा मुलगा म्हणतो, गणपतीला मुंबईहून हीच गाडी आणणार, बोगद्यातून नाही, जुन्या कशेडीनेच. डॅशबोर्डखाली फडकं आणि बाटली मी आजच ठेवली आहे.